बाकावरची बैठक

हॉर्नताईला बाहेर काढलं, तिथूनच सुरू करते. त्याच्या आधीचं काही ऐकण्यासारखं नव्हतंच. मागच्या सभेचं वाचन, चहा, पंख्याची कुरकुर, बस.

जजसाहेबांनी घसा खाकरला आणि टेबलाकडे बघतच म्हणाले, "ताई, पुढच्या विषयात तुमचा संबंध येतो. तेव्हा नियमाप्रमाणे आपण जरा..."

"जरा काय?"

"बाहेर बसावं."

"बाकावर?"

"बाकावर."

आता हा बाक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. तर हे एक कायदा मदत केंद्र. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी. खाली दुकानांची रांग, वर जिना, जिन्याच्या तोंडाशी पॅसेज आणि पॅसेजला लागून दोन खोल्या. लोक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात, छातीशी धरून, जसं काही आत पिल्लू आहे. सगळ्यांचं ऐकायला एकच वकीलबाई, वयाने लहान, झोप कायम अपुरी. आणि तिच्यावर पाच जणांचं मंडळ. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा सिस्टर घरून थर्मासमधून आणते.

मंडळाचे अध्यक्ष जजसाहेब, रिटायर झालेले. प्राध्यापकबाई, कॉलेजात कायदा शिकवतात, सभेचं सगळं लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे. औषधवाले काका, खालीच त्यांचं दुकान. सिस्टर, सरकारी हॉस्पिटलातली नर्स. आणि आपली हॉर्नताई. ती शाळेची व्हॅन चालवते. नाव मुलांनी ठेवलेलं, कारण व्हॅनचा हॉर्न बिघडला तेव्हा ती खिडकीतून डोकं काढून ओरडायची आणि गाड्या खरंच बाजूला व्हायच्या. नंतर हॉर्न दुरुस्त झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मंडळावर ती आली कारण तिथला नियमच तसा होता, की दोन जागा केंद्राने ज्यांना कधीतरी मदत केली अशांच्या. एक सिस्टरची, एक हिची.

आणि दुसरा नियम बाकाचा. ज्या विषयात एखाद्या मेंबरचा स्वतःचा संबंध, त्याने निमूट उठायचं, पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसायचं, विषय संपला की आत यायचं. बाक कुठल्यातरी बालवाडीने टाकून दिलेला. मोठं माणूस बसलं की गुडघे थेट हनुवटीला. सिस्टर बसून आली होती, प्राध्यापकबाई बसून आल्या होत्या, कुणी कुरकुर केली नव्हती. हॉर्नताईलाही नियम आवडायचा. स्वच्छ नियम आहे, म्हणायची.

आज आवडला नाही.

कारण आजचा विषय होता तिचीच बिल्डिंग. सहा मजली, आणि ती राहते सहाव्यावर, सासूबाईंबरोबर. मालक एक कंपनी. कंपनीला ती बिल्डिंग रिकामी हवी होती, पण 'निघा' म्हणायचं नव्हतं. मग काय केलं? लिफ्टला 'दुरुस्ती चालू' असा बोर्ड लावला आणि दुरुस्ती काही चालू केली नाही. मग पाण्याचा पंप अर्धा दिवस बंद. मग जिन्यातले दिवे. म्हणजे माणसाने आपणच वैतागून सामान बांधावं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. लिफ्ट बंद झाली त्या दिवशी त्या वर होत्या, त्या वरच राहिल्या. सगळं जग खिडकीतून बघायच्या आणि खाली कुणाला काय आणायचं ते ओरडून सांगायच्या. घराण्यातच आवाज म्हणायचा, सून असली म्हणून काय झालं!

बिल्डिंगवाले सगळे मिळून केंद्रात आले. वकीलबाईने केस तयार केली. पण एवढ्या मोठ्या पार्टीविरुद्ध कोर्टात जायचं तर मंडळाचा ठराव लागतो. ठराव नाही तर वकीलबाई कोर्टात उभीच राहू शकत नाही. आणि दुसरा कुठला वकील या लोकांकडे बघणारही नव्हता.

इथपर्यंत सरळ आहे ना? आता वाकडं ऐका. केंद्राच्या दोन खोल्या कुणी फुकट दिलेल्या? त्याच कंपनीने! आणि कंपनीने निरोप धाडला होता: ही केस सोडा, नाहीतर खोल्या सोडा. उत्तर आजच्या आज. कंपनीचा मॅनेजर खाली गाडीत एसी लावून उत्तराची वाट बघत बसला होता.

हॉर्नताईने आठवडाभर भाषण तयार केलं होतं. व्हॅन चालवता चालवता. पोरं विचारायची, "मावशी, कुणाला ओरडतेयस?" आणि आता तिला तोंड उघडायच्या आधीच बाहेर.

ती उठली. खुर्ची जरा जास्तच आवाज करत मागे सरकली. वकीलबाई कोपऱ्यात बसली होती, तिला सभेत विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तिने नुसतं बघितलं, आणि ते बघणं हॉर्नताईच्या जिव्हारी लागलं.

दार बंद झालं.

बाकावर गुडघे पोटाशी घेऊन हॉर्नताई बसली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत काय चाललंय काही ऐकू येईना. जजसाहेब हळू बोलणारे, तीच तर पंचाईत. ती मनात हात मोजायला लागली. जजसाहेब केस सोडा म्हणणार. वाईट माणूस नव्हे, पण केंद्र टिकलं पाहिजे हे त्यांचं एकच पालुपद. प्राध्यापकबाई त्यांच्यामागे. सिस्टर आपली. काका? काकांचं कुणी सांगावं! काका म्हणजे रस्ता ओलांडताना मधेच थांबणारा माणूस.

तेवढ्यात दार उघडलं. काकाच बाहेर आले. घाम पुसत.

"सरका जरा," म्हणाले.

"तुम्ही का?"

"अहो, माझं दुकान. गाळा कंपनीचाच ना! मला एकदम आठवलं. म्हटलं, आपलाही संबंध येतो. नियम म्हणजे नियम."

"आत्ता आठवलं? रोज शटर उघडता तेव्हा आठवत नाही?"

काका बाकावर बसले, तर बाक कण्हला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरलं म्हणून सांगू! जसं काही पावसातून आडोशाला आलेत. हॉर्नताईला सगळं कळलं. हो म्हटलं तर दुकान जाणार, नाही म्हटलं तर शेजारपाजार तोंड फिरवणार. बाकावर बसलं की दोन्हीतून सुटका.

"काका, घाबरलात."

"घाबरलो नाही. संबंध आहे."

"घाबरलात!"

"हळू बोला हो, आत जातंय."

पुन्हा दार. आता सिस्टर! हातात थर्मास, चेहरा पडलेला.

"तू कशाला आलीस गं बाई?" हॉर्नताई जवळजवळ किंचाळलीच.

"काका उठले तसं मला वाटलं, मग मीही उठायला हवं. माझा भाऊ त्यांच्याकडे वॉचमन आहे ना. मी लपवून मत दिलं असतं तर उद्या कुणी बोट दाखवलं असतं."

"अगं, पण तू माझं मत होतीस!"

"माहितेय," सिस्टर म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पण खोटं कसं बसू?"

आता बघा, एका बाकावर तीन माणसं. एक हाकललेली, एक पळालेला आणि एक अति प्रामाणिक. बालवाडीच्या बाकावर. गुडघे ओळीने.

दार तिसऱ्यांदा उघडलं आणि प्राध्यापकबाईंनी नुसतं डोकं बाहेर काढलं. "अहो, कोरम गेला! तिघं लागतात. आत आम्ही दोघंच. ठराव होऊ शकत नाही. कुठलाच."

काका तर टाळी द्यायचेच बाकी होते. "म्हणजे केस सोडायचा ठराव नाही! वा! कुणी काही केलं नाही आणि सुटलो. ताई, जिंकलात तुम्ही!"

"कसली जिंकले?" हॉर्नताई उठून उभी राहिली. "केस सोडायचा ठराव नाही, तसा केस लढायचाही नाही. केस कोर्टात जाणारच नाही, आमच्या बाजूने कुणी उभंच नसेल. कंपनीला दुसरं काय हवंय? आपण न बोलून तिचंच काम केलं. तेही फुकट!"

"पण खोल्या तर राहतील," काका पुटपुटले.

"राहतील ना. सुंदर खोल्या. पंख्यासकट. आणि लोक आले की काय सांगायचं? या, बसा, तुमचं भांडण कुणाशी आहे ते आधी सांगा, मालकाशी असेल तर जिना तिकडे?"

सिस्टरने थर्मास खाली ठेवला. "मग करायचं काय? आत जायचं नाही, नियम आहे."

हॉर्नताई दारापाशी गेली. उंबऱ्याच्या अलीकडे, बरोब्बर अलीकडे, चपलांची टोकं उंबऱ्याला लावून उभी राहिली. आणि तिने आवाज सोडला. तो व्हॅनमधला. गाड्या बाजूला करणारा.

"साहेब!"

आत जजसाहेबांच्या हातातला पेन पडला.

"ताई, तुम्ही बाहेर बसायचं आहे."

"बाहेरच आहे. बघा, पाय बघा. आवाज आत येतोय त्याला मी काय करू? आवाजाला बाक नाही ना!"

वकीलबाईने पटकन फाईल तोंडासमोर धरली. हसत होती.

"हे बरोबर नाही," जजसाहेब म्हणाले. रागावले नव्हते, थकले होते. "नियम तुमच्याविरुद्ध नाही केला मी. मेंबरने स्वतःचा फायदा बघू नये म्हणून केला."

"मग मी सांगते ना, मला फायदा हवाय! लाजत नाही मी. लिफ्ट सुरू झाली तर फायदा माझा. पाणी आलं तर फायदा माझा. माझी सासू खाली उतरून ऊन खाईल, तोही फायदा माझाच. लिहून घ्या, बाई. मोठ्या अक्षरात लिहा." प्राध्यापकबाई खरंच लिहायला लागल्या. "पण साहेब, मला या मंडळावर घेतलं कशासाठी? माझा संबंध आहे म्हणूनच ना! ज्याच्या घरचं पाणी तोडलंय तो बाहेर आणि ज्याच्या घरी पाणी आहे तो आत, असं असेल तर आत बसून तुम्ही नक्की कुणाचं ठरवताय?"

"मी केंद्राचं बघतोय," जजसाहेब म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला, आणि तो चढला की जाणवायचं की हा माणूस कोर्ट चालवायचा. "एका इमारतीपायी या खोल्या गेल्या तर उद्या ज्या बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलंय ती कुठे जाईल? ज्याला कामावरून काढलंय तो? त्यांच्याही सासवा आहेत, ताई."

ते खोटं नव्हतं. तिच्या तयार भाषणात याला उत्तरच नव्हतं, इतके दिवस घोकून!

मग तिने नुसतं विचारलं, "साहेब, एक सांगा. या खोल्या कंपनीने आपल्याला का दिल्या?"

जजसाहेबांनी वाकून पडलेला पेन उचलला.

"कुणी मागितल्या?"

"मी," जजसाहेब म्हणाले. "कंपनीचे मालक आणि मी एका वर्गात होतो. मी शब्द टाकला. त्यांनी दिल्या."

 प्राध्यापकबाईंचं लिहिणं थांबलं. हॉर्नताईला खरं तर पुढे बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं, पण जजसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघून तिने ओठ मिटले. माणूस स्वतःच ऐकत होता स्वतःचं वाक्य.

त्यांनी पेन खिशाला लावला. उठले. टेबलाला वळसा घालून आले, उंबरा ओलांडला आणि बाकापाशी येऊन म्हणाले, "काका, सरका."

काका इतके दचकले की पडता पडता वाचले. जजसाहेब बसले. एवढा उंच माणूस, गुडघे पार कानाशी. कुणाला हसायची हिंमत होईना आणि हसू तर आवरेना.

आतून प्राध्यापकबाई ओरडल्या, "अहो, मी एकटी काय करू इथे?"

"या की बाहेर!" सिस्टर म्हणाली.

"माझा संबंध नाही!"

"तुम्ही माझ्या जुन्या विद्यार्थिनी," जजसाहेब बाकावरून म्हणाले, "आणि माझ्याविरुद्ध एकदाही मत दिलेलं नाहीत. तो संबंधच म्हणायचा."

बाई लाल झाल्या. पण आल्या, सभेची वही आणि खुर्ची दोन्ही घेऊन. मागोमाग वकीलबाई. आणि आल्या आल्या प्राध्यापकबाई वर्गात शिकवावं तशा म्हणाल्या, "सगळ्यांचाच संबंध असेल तर कायदा सांगतो, प्रत्येकाने आपला संबंध उघड सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कारण दुसरं कुणी ठरवणारं उरतच नाही. हे मला पहिल्या मिनिटाला आठवायला हवं होतं, साहेब."

"मलाही," जजसाहेब म्हणाले.

तर अशी ती सभा पॅसेजमध्ये भरली. एकेकाने आपलं सांगितलं, दुकान, भाऊ, मित्र, घर. सिस्टरने चहा ओतला. जजसाहेबांनी ठराव मांडला: बिल्डिंगची केस कोर्टात न्यायची का? हात वर करा.

हॉर्नताईचा हात तर विचारायच्या आधीच वर. सिस्टरचा दुसरा.

"माझं विरुद्ध," जजसाहेब म्हणाले. "मित्रासाठी नाही. केंद्रासाठी. तसं लिहा."

प्राध्यापकबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "माझंही विरुद्ध. आणि हे माझं स्वतःचं मत आहे हो!"

दोन-दोन. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी चहाचा कप असा धरला होता, जसं काही त्याच्यामागे लपता येईल.

"माझा गाळा..." काका म्हणाले. "पोरीचं शिक्षण आहे. तुम्ही सगळे बोलता छान. शटर माझं खाली येणार."

हॉर्नताईला वाटलं, झालं. संपलं. आणि खरं सांगायचं तर काकांचा राग येईना तिला. स्वतःच्या घरासाठी ती एवढी भांडत होती, मग दुकानासाठी काकांनी घाबरू नये?

नेमका तेव्हा मॅनेजर जिना चढून वर आला. गाडीत बसून कंटाळला असणार. पॅसेजमध्ये अख्खं मंडळ बालवाडीच्या बाकावर चहा पितंय हे बघून तो थबकला, मग हसला, ते आपल्याला आवडत नाही तसं.

"काय हो, आमच्या खोल्या आवडेनात का? बाहेर बसलात!" मग जजसाहेबांना नमस्कार वगैरे करून सरळ काकांकडे वळला. खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही तरी समजावा यांना. तुम्ही शहाणे. तुमचं दुकान, तुमची मुलगी कुठल्या कॉलेजात जाते, कुठल्या बसने येते, सगळी काळजी आहे आम्हाला."

मुलीचं नाव काढायला नको होतं. तिथे चुकला तो.

काका उभे राहिले. चहा थोडा मॅनेजरच्या बुटावर सांडला, मुद्दाम की कसं ते अजून कुणाला माहीत नाही.

"हात काढा," काका म्हणाले.

"अहो, मी आपुलकीने..."

"हात काढा म्हणतो ना! आणि हा बघा माझा हात." काकांनी हात एवढा वर केला की शर्ट पॅन्टमधून बाहेर आला. "वर आहे. दिसतोय? बाई, दिसतोय का? लिहा! केस लढायची! माझ्या पोरीची बस विचारतो? शटर खाली येऊ दे, मी फुटपाथवर बसून औषधं विकेन, पण मुळीच नाही, मुळीच नाही..." पुढे काय 'मुळीच नाही' ते काकांना सापडेना, पण हात काही खाली येईना.

"तीन विरुद्ध दोन," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "ठराव मंजूर."

मॅनेजरचं हसू गेलं. "ठीक आहे. मग किल्ल्या द्या. आत्ता. माझी माणसं खाली आहेत, कुलूप आजच लागेल." आणि त्याने जजसाहेबांपुढे हात पसरला. किल्ल्या अध्यक्षांकडे असतात हे त्याला माहीत होतं.

 ठराव झाला, आनंद झाला, पण जजसाहेबांचं मत तर विरुद्ध होतं ना! त्यांनी खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा वाजला. हॉर्नताई पुढे झाली, काय करणार होती तिलाच माहीत नव्हतं.

जजसाहेबांनी खिशातून हात काढला. रिकामा. बाकावरून उठायला त्यांना वेळ लागला, सिस्टरने हात दिला, पण उठले तेव्हा पूर्ण उठले.

"मी विरुद्ध मत दिलं होतं," ते मॅनेजरला म्हणाले. "मी हरलो. आता मंडळाचा निर्णय तो माझा निर्णय. किल्ल्या मिळणार नाहीत."

"खोल्या आमच्या आहेत, साहेब. तुम्ही फुकट बसलात इथे."

"फुकट बसलेल्या माणसालाही हाताला धरून बाहेर काढता येत नाही. रीतसर नोटीस द्या. मुदत द्या. मग कोर्टात या. तिथे मी ओळखीचा आहे असं समजू नका, मी आता फक्त पक्षकार." मग ते मागे वळले. "वकीलबाई, आपण आमची केस घ्याल का? आम्हाला वकील परवडत नाही."

आणि ती पोरगी, जिला विचारल्याशिवाय बोलता येत नव्हतं, ती भिंतीला टेकली होती ती सरळ झाली. "ठराव लागेल, साहेब," म्हणाली. "मोठ्या पार्टीविरुद्ध आहे."

पाचही हात वर गेले. काकांचा तर होताच.

मॅनेजर फोन कानाला लावून जिना उतरला. खालून त्याचा आवाज येत राहिला, साहेब ऐकत नाहीत, साहेब ऐकत नाहीत. कुलूपवाली माणसं खरंच वर आली, दोघं, हातात मोठं कुलूप. पॅसेजमध्ये बघतात तर दाराच्या आडवा बाक आणि बाकावर ओळीने पाच जणं. हॉर्नताई मधोमध.

"मावशी, उठा ना," त्यातला एक म्हणाला. बिचारा तिच्याच व्हॅनमधून शाळेत गेलेला. "आम्हाला वरून सांगितलंय."

"डबा खाल्लास का?" हॉर्नताईने विचारलं.

"नाही अजून."

"मग घरी जा. आम्ही काही उठत नाही."